सात मिलिमीटर

घाट उतरायला लागण्याआधी उजव्या हाताला पंक्चरचं एक पत्र्याचं दुकान आहे. दुकानाच्या मालकाला या रस्त्यावरचे ड्रायव्हर 'साखळी' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. टायर ट्रकचा असो की छोट्या मोटारीचा, पंक्चर काढून झालं की तो त्याला दोन ठिकाणी साखळी गुंडाळतो, कमरेएवढ्या विटांच्या भिंतीपलीकडे नेऊन आडवा ठेवतो आणि स्वतः अलीकडे, वीस फुटी नळीच्या दुसऱ्या टोकाशी उभा राहून हवा भरतो. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावणारा माणूस, अशी त्याची ख्याती आहे. घाईतले लोक त्याच्याकडे थांबत नाहीत. ज्यांना थांबावं लागतं ते घड्याळ बघत थांबतात.

त्याची दुसरी खोड लोकांना फारशी माहीत नाही. बाद झालेला टायर तो दुकानातून अख्खा जाऊ देत नाही. आकड्यासारखी वाकडी एक सुरी आहे, तिने तो टायरच्या बाजूला चार बोटं आत जातील एवढं भोक पाडतो आणि मगच टायर मागच्या ढिगावर टाकतो.

दुकान मुळात त्याच्या थोरल्या भावाचं. एकवीस वर्षांपूर्वी भावाने एका ट्रकचा टायर बाद ठरवून दुकानामागे फेकला. कोणीतरी तो उचलला, काळं पॉलिश मारलं आणि विकला. महिन्याभरात तोच टायर दुसऱ्याच गाडीला लागून दुकानात परत आला. भावाला ओळखू आला नाही. हवा भरताना आतून बारीक चटचट ऐकू यायला लागली, काय वाजतंय ते बघायला भाऊ कान लावून वाकला. धाकटा तेव्हा चार पावलांवर पाना शोधत होता. त्याचा डावा कान त्या दिवशी गेला. भाऊ संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. टायरचे तुकडे गोळा करताना धाकट्याला आतलं ठिगळ दिसलं, ते त्याने स्वतःच्या हाताने लावलेलं होतं.

ही गोष्ट तो कोणाला सांगत नाही. विचारलंच कोणी साखळीबद्दल, तर म्हणतो, "सवय आहे."

कॅम्परव्हॅन आली ती दुपारी अडीचच्या सुमाराला, मागच्या डाव्या चाकावर लंगडत. पांढरीशुभ्र, छताला सामानाची जाळी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. ड्रायव्हरच्या जागेवरून साठी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ उतरले. खिशाला दोन पेनं आणि एक चामडी डबी. पाच मिनिटांच्या आत त्यांनी सांगून टाकलं की आपण वजनमाप खात्यात चौतीस वर्षं तपासनीस होतो, गेल्या महिन्यात निवृत्त झालो आणि ही पहिलीच सहल आहे. गाडी त्यांनी बारा वर्षांपूर्वी घेतली होती. आतला पलंग, कपाटं, शेगडीचा ओटा, सगळं रविवारी रविवारी स्वतः केलेलं. गाडी झाकून ठेवायचे, महिन्यातून एकदा इमारतीभोवती एक चक्कर मारायचे. सगळं निवृत्तीनंतरसाठी राखलेलं.

"चाक बसतंय असं जाणवलं आणि मीटर पाहिला," ते म्हणाले. "त्यानंतर एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटर आलो आहे."

गाडीच्या आतून एक म्हातारा आवाज आला. "दशांश नका सांगू त्यांना, जावईबापू. चाक करून द्यायला सांगा."

त्या सासूबाई. त्यांना बसवत नव्हतं, म्हणून तर पलंगाची गाडी. त्यांना घाटाखाली, धाकट्या मुलाकडे पोचवायचं होतं. तपासनिसांची बायको पायऱ्या उतरून खाली आली आणि दुकानामागच्या खोलीत साखळीच्या बायकोकडे पिण्याचं पाणी मागायला गेली.

साखळीने जॅक लावला. टायरमध्ये स्क्रू घुसला होता, बोटाच्या पेराएवढा. साधं काम. पण रिमवरून टायर सोडवल्यावर त्याने आत हात घातला आणि हात बाहेर काढून उघडला, तेव्हा तळव्यावर चहाच्या भुकटीसारखा काळा चुरा होता. ओलं फडकं घेऊन त्याने टायरची बाजू पुसायला सुरुवात केली. पॉलिश निघत गेलं तशा खालून चिरा दिसायला लागल्या, केसासारख्या, एकमेकींना लागून. एकीत त्याचं नख गेलं. मग त्याला रिमजवळचे चार आकडे सापडले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्याने मनात वजाबाकी केली. उठून गाडीभोवती फिरत उरलेल्या तीन चाकांवरचे आकडे वाचले, शेवटी मागच्या दारावर झाकणात ठेवलेल्या स्टेपनीचे वाचले.

"तेरा वर्षं झाली, साहेब. पाचही टायरना."

"पण वापर किती झालाय? वापर बघा." तपासनिसांनी चामडी डबीतून खोली मोजायचं पितळी उपकरण काढलं आणि टायरच्या नक्षीत टेकवलं. "सात मिलिमीटर. नव्या टायरची आठ असते. तेरा वर्षांत एक मिलिमीटर झिजलाय हा टायर."

"नक्षी झिजली नाही. आतलं रबर वाळलंय."

"मोजता येईल असं काहीतरी सांगा."

"वय मोजलं ना आत्ता."

तपासनीस हसले. ते हसणं दुकानदारांसमोर कमावलेलं होतं, ऐकून घेतो पण मानत नाही अशा पद्धतीचं.

त्यांची बायको पाण्याची बाटली घेऊन आली होती. "दर रविवारी पुसायचे हो टायर," ती साखळीच्या बायकोला म्हणाली. "माझ्या घासलेल्या भांड्यांना कधी फडकं लावलं नाही."

"खाली नऊ किलोमीटर उतार आहे," साखळी म्हणाला. "वळणं सतरा. आत माणूस झोपलेलं आहे. मी यात हवा भरणार नाही."

"मग स्टेपनी लावा. तिने अजून जमीनसुद्धा पाहिलेली नाही."

"तीही तेरा वर्षांची आहे."

"लावा तर."

गिऱ्हाइकाचा टायर, गिऱ्हाइकाची गाडी. साखळीने स्टेपनी उतरवली. तिच्यात हवा निम्मीच होती. त्याने साखळी गुंडाळायला घेतली तेव्हा तपासनिसांनी घड्याळ पाहिलं. गुंडाळून झाल्यावर पुन्हा पाहिलं. ऊन पत्र्यावर आदळून परत येत होतं. रस्त्यावर त्या वेळेला एकही गाडी नव्हती आणि कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकू येईना.

हवेच्या दाबाचा काटा तीसवर गेला. पस्तीसवर गेला. साखळी भिंतीअलीकडे उभा होता, नळीवरच्या खटक्यावर अंगठा ठेवून, चांगला कान टायरच्या बाजूला करून. चाळीसला त्याने कॉम्प्रेसर बंद केला. हवा थोडी थांबू द्यायची, मग पुढे भरायची, अशी त्याची रीत.

ती शांतता तपासनिसांना काम झाल्याची खूण वाटली. "माझा स्वतःचा गेज आहे," ते म्हणाले. "तुमच्यावर अविश्वास नाही. पण दुसऱ्याच्या मापावर मी कधी सही केलेली नाही." आणि साखळी वळेपर्यंत ते भिंतीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेलेसुद्धा. वाकले. गेज लावला.

चट.

साखळीला तो आवाज ऐकून एकवीस वर्षं झाली होती. चट, आणि मग लगेच दोनदा. त्याने हवा सोडायचा खटका पूर्ण दाबून अडकवला, भिंतीवरून अर्धा आडवा होऊन तपासनिसांची कॉलर मागून धरली आणि पोतं ओढावं तसं त्यांना अलीकडे ओढलं. दोघं मातीत पडले. टायर फुटला तेव्हा आवाजापेक्षा धक्काच जास्त लागला. भिंतीची वरची वीट सरकून खाली आली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

"कोण गेलं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"कोणी नाही, आई," त्यांची मुलगी म्हणाली. तिने दोन्ही हातांनी साखळीच्या बायकोचा दंड धरला होता.

तपासनीस एका पायात बूट नसताना बसून होते. शर्टाची कॉलर उसवली होती.

"बेचाळीस," ते म्हणाले. "मी काटा वाचला तेव्हा बेचाळीसवर होता. बेचाळीसला फुटायला नको."

चार नवे टायर खालच्या गावातून मागवले. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते, म्हणून गाडी तिथेच, दुकानाच्या बाजूला उभी राहिली. तपासनीस उसवलेली कॉलर आत दुमडून गाडीच्या पायरीवर बसून राहिले. सासूबाई मात्र खुशीत होत्या. साखळीच्या बायकोने त्यांच्या उशाशी बसून केस विंचरून दिले, त्यावर त्या म्हणाल्या, "दोन दिवस हलतंय सगळं. आज पहिल्यांदा छत एका जागी आहे."

साखळीने फुटलेल्या स्टेपनीची साखळी सोडवली. बाजू एका रेषेत उसवली होती, पोत्याची शिवण उसवावी तशी, आणि कडेने तारांची टोकं बाहेर आली होती. त्याने तो टायर तिथेच, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. समजायचं ते समजेल, असं त्याला वाटलं.

सकाळी टायर आले. साडेदहापर्यंत चारही बसले. भिंतीला टेकून जुने चार उभे होते, स्क्रू घुसलेला एक आणि धड दिसणारे तीन. लांबून पाहिलं तर खरंच नवे वाटत होते. साखळीने वाकडी सुरी काढली आणि स्क्रूवाल्याला भोक पाडलं. दुसऱ्याकडे वळला.

"थांबा," तपासनीस म्हणाले. "हे तीन मी घेऊन जातोय."

"कुठे?"

"पुतण्याला. त्याचा छोटा टेम्पो आहे, याच मापाचे टायर लागतात त्याला. त्याचे अगदी गुळगुळीत झालेत. परवाच म्हणत होता."

साखळी सुरी हातात तशीच धरून उभा राहिला. मग, बायकोलाही आश्चर्य वाटलं, त्याने भावाची गोष्ट सांगितली. पाच-सहा वाक्यांत. ठिगळाचंही सांगितलं. तपासनिसांनी मध्ये न बोलता ऐकलं. माणूस वाईट नव्हता.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण तो ट्रकचा टायर होता. आणि काल फुटली ती स्टेपनी. ती दारावर उन्हात होती, हे गाडीखाली सावलीत. दोष त्या एकीत होता. एक नमुना खराब निघाला म्हणून अख्खा माल नापास होत नाही."

"चौतीस वर्षं लोकांचा होत होता," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

"तुम्ही पडून राहा हो."

"पडलेलीच आहे. तुम्ही परत पडू नका."

इथे साखळीच्या हातून चूक झाली. एवढ्या वर्षांत बाद टायर कोणी परत मागितला नव्हता, त्यामुळे काय बोलायचं हे त्याने कधी ठरवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "मग मला द्या. मी विकत घेतो तिन्ही."

तपासनिसांचा चेहरा बदलला. आदल्या दुपारपासून प्रथमच तो पूर्वीसारखा झाला.

"विकत घेता?"

"तुम्ही म्हणाल त्या भावाने."

"बाद माल म्हणेल त्या भावाने घेणारा दुकानदार मी नोकरीत एकही पाहिला नाही." त्यांनी डबीतून उपकरण काढलं, तिन्ही टायरना एकेकदा लावलं. कोणी विचारलं नव्हतं. "सात. सात. सहा पूर्णांक नऊ. कशाला हवेत तुम्हाला?"

"कापायला."

"पैसे देऊन कापायला."

त्यांच्या बायकोने मान खाली घातली. तिला पुढचं सगळं दिसलं असावं. साखळी उत्तर शोधत होता आणि जितका वेळ शोधत होता तितका लबाड दिसत होता. मग त्याने शोधणं सोडलं आणि सरळ टायरकडे चालायला लागला. तपासनीस मधे आले.

"तुमच्या हातात सुरी आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा सगळ्यांनीच ती पाहिली. समोर एक ट्रक थांबला होता. त्याचा ड्रायव्हर आणि क्लीनर दोघंही खाली उतरून बघत होते. साखळी आणि तपासनीस यांच्यात एका हाताचं अंतर होतं.

"अहो," साखळीची बायको म्हणाली. "ठेवा ती खाली."

त्याने ठेवली. तीन टायर छतावरच्या जाळीत गेले. तपासनिसांनी दोरी बांधली, ओढून पाहिली, पुन्हा बांधली. साखळीच्या कामाचे पैसे त्यांनी चोख दिले, वर पडलेल्या विटेचेही देऊ केले. सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

निघायच्या आधी तपासनिसांची बायको रात्री नेलेलं भांडं परत द्यायचं निमित्त करून आत आली. बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर तिने एक नंबर लिहिला होता. "पुतण्याचा आहे. पोरगा चांगला आहे, ऐकेल कदाचित. ह्यांना कळू देऊ नका." आणि दारातूनच पुन्हा म्हणाली, "त्याला दोन लहान मुली आहेत."

साखळीने त्याच संध्याकाळी फोन केला. पुतण्या मोकळा हसला.

"काकांनी सांगूनच ठेवलंय, टायरवाला कुठूनही माझा माग काढेल म्हणून. टायर पाहिजेत ना तुम्हाला?"

"मला नकोत. तुम्ही लावू नका, एवढंच."

"बरं."

"बाजूला चार आकडे आहेत, ते वाचा. वाकवून बघा, चिरा दिसतील. पॉलिश पुसा आधी."

"बघतो ना. काकांनी मोजलेत पण स्वतः. काका मोजतात म्हणजे..." तो पुन्हा हसला. "घरात साखरसुद्धा मोजून घालतात हो. ठेवू?"

त्यानंतर पुतण्या फोन उचलेना. साखळी रोज दुपारी, जेवण झाल्यावर एकदा लावायचा. बायको म्हणाली, "तो पोलिसात देईल तुम्हाला." तो म्हणाला, देऊ दे. मधल्या दिवसांत त्याचं कामात लक्ष नव्हतं असं नाही. उलट तो साखळीचे तीन वेढे द्यायला लागला होता, आणि एका जीपवाल्याने त्यावरून त्याला शिव्या घातल्या. मागच्या ढिगावरचे जुने टायर एका सकाळी त्याने सगळे उलटेपालटे करून तपासले. प्रत्येकाला भोक होतं.

नवव्या दिवशी फोन उचलला गेला.

"बोला, टायरवाले." मागे इंजिनाचा आवाज होता. मूड चांगला होता. "नंबर बघूनच उचलला. म्हटलं, या माणसाची चिकाटी तर मोजायला हवी काकांनी."

"बसवलेत?"

"बसवले ना. परवाच. दोन मागे, एक पुढे. मस्त चाललेत."

"आता गाडीत कोण आहे?"

"मी आणि फरशी. चाळीस पेट्या. का हो?"

साखळीने कॉम्प्रेसर बंद केला, दुकानाच्या मागे गेला आणि उजवा कान फोनला घट्ट लावला. इंजिनाच्या मागे, वाऱ्याच्या मागे, काहीतरी होतं. थप. थप. थप. एकसारखं, लयीत, ओला कपडा दगडावर आपटावा तसं; टायरची वरची साल सुटली की येतो तो आवाज.

"मागून काही आवाज येतोय का?"

"कुठे? हां, तो. सकाळपासून आहे. रस्ता खराब आहे."

"रस्ता डांबरी आहे की कच्चा?"

पुतण्या थांबला. साखळी थांबला. थप. थप.

"डांबरी," पुतण्या म्हणाला. आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं. "नवाच केलाय."

"वेग किती आहे?"

"सत्तर."

"ब्रेक मारू नका. ऐका. ब्रेकला पाय लावायचा नाही. फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा."

"एका हातात फोन आहे."

"फोन टाका."

फोन पडल्याचा आवाज आला, पण बंद झाला नाही. साखळीची बायको मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. त्याने तिला हाताने गप्प केलं. इंजिनाचा सूर हळूहळू खाली येत होता. मग इंडिकेटर टिकटिकायला लागला, म्हणजे पोरगा कडेला घेत होता. आणि त्या टिकटिकीच्या मागे दुसरा आवाज होताच, मंद न होता, उलट दोन थपांमधलं अंतर कमी करत; टायरची साल आता दुसऱ्या जागीही सुटत होती.